आलिशान गाडीची घरच्या घरी निगा: नव्या मालकांसाठी मार्गदर्शक

महागडी गाडी रस्त्यावर जितकी खराब होत नाही, तितकी पार्किंगमध्ये होते. रोज सकाळी तिच्यावरून फिरणारं कोरडं फडकं आणि आठवडेच्या आठवडे एका जागी उभं राहणं, या दोन गोष्टींमुळे चांगल्या चांगल्या मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू अकाली म्हाताऱ्या दिसू लागतात. मर्सिडीज आपल्या चाकणला जोडली जाते, ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला. त्याच संभाजीनगरात २०१० साली उद्योजकांनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. म्हणजे अशा गाड्या आपल्याकडे नव्या नाहीत. पण बोअरचं जड पाणी, बांधकामाची धूळ, चार महिन्यांचा पाऊस आणि सोसायटीचं पार्किंग यांत गाडी कशी सांभाळायची, हे शोरूममध्ये गाडीचा ताबा देताना कोणी नीट सांगत नाही. ते सगळं एका जागी मिळावं म्हणून हे लिहितोय. गाडी नवी घेतली असेल किंवा सेकंडहँड, दोन्हींना हे लागू आहे.

१. आधी सामान गोळा करा

हे सगळं एकदाच घ्यायचं आहे आणि एका डिटेलिंगच्या, म्हणजे दुकानात करून घेतलेल्या बारकाईच्या साफसफाई-पॉलिशच्या, बिलापेक्षा स्वस्त पडतं.

- दोन मोठ्या बादल्या, आणि जमल्यास त्यांच्या तळाशी बसणाऱ्या जाळ्या
- गाडीसाठीचा पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, क्षारही नाही असा) शाम्पू
- मायक्रोफायबरचा धुण्याचा हातमोजा
- पाणी टिपायचा मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल
- काच, आतला भाग आणि चाकं यांसाठी वेगवेगळ्या रंगांची फडकी
- चाकांसाठी मऊ ब्रश
- पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजायचं मीटर
- डिजिटल एअर गेज
- एजीएम (अशा अनेक गाड्यांत असणाऱ्या) प्रकारच्या बॅटरीची सोय असलेला स्मार्ट चार्जर
- साधं मल्टिमीटर

मायक्रोफायबरची फडकी घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका आणि त्यांना फॅब्रिक कंडिशनर लावू नका. कंडिशनरने त्यांचे तंतू बुजतात आणि फडकं पाणी टिपेनासं होतं. एखादं फडकं जमिनीवर पडलं, तर ते त्या दिवशी पेंटला लावायचं नाही. हा नियम कडकपणे पाळा. वाळूचा एक कणही पुरतो.

२. रोजचं पुसणं बंद करा

गाडीच्या पत्र्यावरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात सगळ्यात वरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. गाडीची सगळी चमक या थरात असते. धूळ बसलेल्या गाडीवर कोरडं किंवा नुसतं ओलसर फडकं फिरवलं की धुळीतले बारीक खडे या थरावर घासले जातात. महिनाभरात काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसू लागतात. पांढऱ्या गाडीवरही ते पडतात, फक्त दिसत नाहीत.

सोसायटीत गाड्या पुसणारे दादा एकाच बादलीत आणि एकाच फडक्याने पंधरा-वीस गाड्या पुसतात. यात त्यांचा दोष नाही. तेवढ्याच पैशात तेवढंच काम त्यांच्याकडून अपेक्षित असतं. त्यांचं काम तोडू नका, बदला. त्यांना सांगा, "दादा, पत्र्याला हात लावू नका. काचा, आरसे, चाकं आणि आतले मॅट तेवढे बघा." त्यासाठी तुमची फडकी त्यांना द्या. पगार तोच ठेवा. बहुतेक जण आनंदाने ऐकतात, कारण काम कमी होतं.

धूळ खटकत असेल तर बाजारात मिळणारा मेणाचा मॉपही वापरू नका. धूळ राहू द्या. बसलेल्या धुळीने पेंटला काही होत नाही, घासलेल्या धुळीने होतं.

३. धुण्याची पद्धत

आठवड्यातून किंवा दहा दिवसांतून एकदा धुतली तरी पुरे. सकाळी ऊन चढण्याआधी, सावलीत आणि बोनेट थंड असताना धुवा. गरम पत्र्यावर शाम्पू आणि पाणी वाळून डाग धरतात.

क्रम असा ठेवा:

१. आधी चाकं. ब्रेकची काळी भुकटी चाकांवर साचते, आणि त्यासाठीचा ब्रश व फडकं गाडीच्या अंगाला कधीच लावायचं नाही.
२. मग वरून खाली भरपूर साधं पाणी सोडा. प्रेशर वॉशर असेल तर नोझल हातभर लांब ठेवा. सेन्सर, कॅमेरा, पेंटवर चिकटवलेल्या पारदर्शक संरक्षक फिल्मच्या कडा आणि इंजिनाचा भाग यांवर थेट मारा करू नका.
३. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवा, एक भाग धुवा, मग साध्या पाण्यात खळबळून घ्या आणि पुन्हा शाम्पूत बुडवा. मळ दुसऱ्या बादलीत राहतो आणि गाडीवर परत जात नाही.
४. हात सरळ रेषेत चालवा, गोल गोल नको. आधी छत, मग काचा, बोनेट, दरवाज्यांचा वरचा भाग, आणि सगळ्यात शेवटी खालच्या पट्ट्या व मागचा बंपर. तिथेच चिखल जास्त असतो.
५. धुऊन झाल्यावर टॉवेल पत्र्यावर पसरा आणि अलगद ओढा. घासू नका.

भांडी घासायचं लिक्विड, कपड्यांची पावडर, केसांचा शाम्पू यांपैकी काहीही वापरू नका. ते पेंटवरचं मेण किंवा संरक्षक थर उतरवतात.

धुतल्यावर गाडी लगेच झाकू नका. सोसायटीत एक चक्कर मारा आणि दोन-तीनदा हलका ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क कोरड्या होतात. ओल्या डिस्कवर एका रात्रीत गंज येतो. तो वरवरचा असतो आणि चालवल्यावर जातो. पण गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर पॅड डिस्कला चिकटून बसू शकतात.

४. पाणी तपासा

या मुद्द्यावर मी जरा आग्रही आहे, कारण पुण्या-ठाण्याच्या बाहेरच्या भागांत अर्धी सोसायटी बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्यावर असते. टीडीएस मीटर पाण्यात बुडवून बघा. आकडा तीनशे-चारशेच्या वर गेला की ते पाणी गाडीवर वाळू द्यायचं नाही. वाळलं की क्षारांचे पांढरे गोल डाग उरतात, आणि उन्हात तापून ते क्लिअर कोटमध्ये खोल जातात. काचेवर तर ते इतके घट्ट बसतात की रात्री समोरच्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा दिसतो.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी. पाणी वाचवण्याचा हेतू चांगला असतो, पण शुद्ध पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात जमा झालेले असतात. ते फरशी पुसायला वापरा, गाडीला नाही.

जड पाण्याला पर्याय नसेल तर दोन गोष्टी करा. एक, भाग-भाग धुऊन लगेच टिपत जा. दोन, शेवटचं पाणी तेवढं कॉर्पोरेशनचं किंवा आरओचं शुद्ध घ्या. एक बादली पुरते. डाग ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडक्याने मिनिटभर लावा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. क्रोम आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना ते लागू देऊ नका. तेवढ्याने डाग गेले नाहीत तर घासू नका, डिटेलिंगवाल्याकडे न्या.

५. पक्षी, झाडं आणि दसरा

कबुतरांची विष्ठा आम्लयुक्त असते. उन्हात तापलेल्या पेंटवर ती काही तासांत कायमचा ठसा उमटवते. वटवाघळं फळं खातात अशा झाडांखाली तर गाडी लावूच नका. विष्ठा दिसली की नखाने किंवा टिश्यूने खरवडू नका. ओलं मायक्रोफायबर तिच्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या आणि जागा धुवा. यासाठी गाडीत पाण्याची छोटी बाटली आणि एक फडकं कायम असू द्या. जांभळाचे डाग आणि झाडाचा चीक यांनाही हीच घाई लागते.

आता पूजेबद्दल. नव्या गाडीची आणि दसऱ्याची पूजा मनापासून करा, फक्त हळद-कुंकू बोनेटवर लावू नका. हळदीचा पिवळा डाग पांढऱ्या पेंटवर आणि विशेषतः संरक्षक फिल्मवर चिवट राहतो. स्वस्तिक समोरच्या काचेच्या कोपऱ्यावर काढा. काच सहज स्वच्छ होते. झेंडूच्या हाराला तार असेल तर दोऱ्यात ओवून घ्या, आणि संध्याकाळी हार उतरवा. भिजलेली फुलं रात्रभर पत्र्यावर राहिली की त्यांचाही रंग उतरतो. नारळ गाडीपासून चार हात लांब फोडा, कारण करवंटीचा तुकडा उडून पेंटला लागतो आणि नारळाचं पाणी चिकट डाग सोडतं.

६. बॅटरी

नव्या मालकांचा पहिला फोन बहुतेक वेळा याच कारणासाठी येतो. गाडी दोन-तीन आठवडे उभी होती, आणि आता दरवाजाही उघडत नाही.

या गाड्यांत इतके संगणक असतात की लॉक केल्यावरही थोडा करंट जात राहतो. त्यात डॅशकॅम पार्किंग मोडवर असेल, किंवा कीलेस चावी गाडीजवळच्या भिंतीला टांगलेली असेल, तर अनेक गाड्या नीट झोपतच नाहीत. चावी गाडीपासून लांब ठेवा.

मल्टिमीटरने मोजा. गाडी काही तास बंद असताना १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे चार्ज करायची वेळ आली. १२.२ च्या खाली ती अर्धी उतरलेली असते, आणि अशा अवस्थेत वारंवार राहिली की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं.

पार्किंगमध्ये प्लग असेल तर स्मार्ट चार्जर लावा आणि त्यावर एजीएम निवडा. पुष्कळ जर्मन गाड्यांत बॅटरी डिकीत असते आणि बोनेटखाली चार्जिंगसाठी वेगळे पॉइंट दिलेले असतात. लाल क्लिप प्लसच्या पॉइंटला, काळी क्लिप बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावा. बॅटरीच्या मायनसवर बऱ्याचदा सेन्सर बसवलेला असतो, म्हणून तिथे थेट लावू नका.

प्लग नसेल तर आठवड्यातून एकदा किमान अर्धा तास गाडी चालवा. जागेवर दहा मिनिटं इंजिन चालू ठेवणं उपयोगाचं नाही. इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि स्टार्ट करायला गेलेला करंटही नीट भरून निघत नाही.

दोन सूचना. चावीच्या आत एक साधी धातूची किल्ली लपलेली असते. ती कुठून निघते आणि दरवाज्याचं कुलूप कुठे आहे, हे आजच बघून ठेवा. आणि बॅटरी बदलायची वेळ आली तर नाक्यावरच्या दुकानातून नुसती बसवून घेऊ नका. बीएमडब्ल्यू, ऑडी अशा गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशोबानेच होत राहतं.

७. टायर आणि जॅक

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो. पंपावरच्या मुलाने सांगितलेला आकडा धरू नका. टायर थंड असताना मोजा.

टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो. १४२३ म्हणजे २०२३ सालचा चौदावा आठवडा. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर हे पहिल्याच दिवशी वाचा. नक्षी शिल्लक असली तरी रबर वयानेही कडक होतं.

बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते, रनफ्लॅट टायर असतात. हवा गेल्यावर ते साधारण ताशी ८० किमीच्या आत, ८० किमीपर्यंत चालतात. नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा.

अनेक गाड्यांत चाक खोलायला एक खास नट-किल्ली लागते. ती डिकीतल्या टूलकिटमध्ये किंवा ग्लव्ह बॉक्समध्ये असते. सर्व्हिसहून गाडी आली की ती परत आली आहे का, हे दर वेळी तपासा. ती हरवली तर हायवेवरचा कोणताही पंक्चरवाला चाक काढू शकत नाही.

एअर सस्पेन्शनची (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर उभी असणारी) गाडी असेल तर जॅक लावण्याआधी सस्पेन्शन जॅक मोडवर टाकावं लागतं. जॅक फक्त ठरवून दिलेल्या चार जागांवरच लावा, मध्ये रबरी पॅड ठेवून.

८. आतला भाग

बेज रंगाच्या सीट आपल्याकडे फार आवडतात, आणि नव्या जीन्सचा निळा रंग त्यांच्यावर सगळ्यात आधी उतरतो. दर महिन्याला ओलसर मायक्रोफायबरने पुसलं तर रंग मुरत नाही. मळ असेल तर लेदर क्लीनर फडक्यावर घ्या, सीटवर थेट फवारू नका. छिद्रांच्या सीटखाली पंखे आणि हीटर असतात.

तुमची सीट खऱ्या चामड्याची आहे की कृत्रिम, हे आधी विचारा. मर्सिडीजचं आर्टिको आणि बीएमडब्ल्यूचं सेन्साटेक ही कृत्रिम लेदर आहेत. त्यांना कंडिशनर लागत नाही. खऱ्या चामड्याला वर्षातून दोन-तीनदा पातळ हात पुरतो. खोबरेल तेल मात्र कशालाच लावू नका.

स्क्रीन आणि चकचकीत काळ्या पट्ट्यांवर काचेचा स्प्रे मारू नका. किंचित ओलं, स्वच्छ फडकं बस्स.

९. पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच

सनरूफ गळत नाही, त्याच्या नळ्या तुंबतात. सनरूफच्या कोपऱ्यांतून पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक नळ्या असतात. त्यांत पानं आणि धूळ अडकली की पाणी छताच्या कापडातून आणि पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरतं. तिथे वायरिंग आणि कधी कधी कंट्रोल युनिट असतात, आणि बिल तिथेच फुगतं. सनरूफ उघडून कोपऱ्यात कपभर पाणी हळू ओता. चाकांजवळ खाली पडलं तर नळी मोकळी आहे. तुंबली असेल तर मऊ नायलॉनची दोरी आत सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतले जोड निसटतात. समोरच्या काचेखालच्या जाळीत साचलेली पानंही काढा.

उंदरांचा त्रास पाऊस सुरू होताच वाढतो. इंजिनाची ऊब आणि कोरडी जागा त्यांना हवी असते. आठवड्यातून एकदा बोनेट उघडून लेंड्या, कुरतडलेलं फोम, आणून ठेवलेला कचरा दिसतो का ते बघा. वासाचे स्प्रे पावसाळी हवेत फार टिकत नाहीत. गाडी रोज हलवणं, खालच्या मोकळ्या जागांना बारीक तारेची जाळी बसवून घेणं आणि गाडीत चिवडा-बिस्किटांचा कण न ठेवणं, हे जास्त कामाचं.

कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर सीट आणि स्टिअरिंगवर बुरशी येतेच. कपाटात ठेवायचे ओल शोषणारे डबे गाडीत ठेवा, पाणी भरलं की बदला. घरी पोहोचायच्या पाच मिनिटं आधी एसीचा कॉम्प्रेसर बंद करून नुसता पंखा चालवा, म्हणजे आतली कॉइल सुकते आणि कुबट वास येत नाही.

कव्हरबद्दल: धुळीच्या गाडीवर कव्हर चढवणं म्हणजे रोजचं पुसणंच झालं. बंद पार्किंगमध्ये आतून मऊ अस्तराचं, हवा खेळणारं कव्हर चालेल, तेही धुतलेल्या आणि पूर्ण वाळलेल्या गाडीवर. उघड्यावर, वाऱ्यात ते फडफडून पेंट घासतं आणि पावसात ओल कोंडतं.

१०. फिल्म आणि कोटिंग

सिरॅमिक कोटिंग म्हणजे पेंटवर चढवलेला पातळ रासायनिक थर. त्यामुळे पाणी घरंगळतं आणि धुणं सोपं होतं. खड्याचा मार किंवा चावीचा ओरखडा ते थांबवत नाही. जाहिरातीतली ९एच ही पेन्सिलच्या कडकपणाची मोजपट्टी आहे, हिऱ्याची नाही. दगडांपासून खरं रक्षण फिल्म करते. ती टीपीयू या लवचिक प्लास्टिकची आहे का, हे बिलावर लिहून घ्या. पीव्हीसीची स्वस्त फिल्म लवकर पिवळी पडते. सगळ्या गाडीचं बजेट नसेल तर बोनेट, पुढचा बंपर आणि आरसे एवढ्यालाच लावा. गाडी हायवेवर पळत असेल तर हे पैसे वसूल होतात, शहरातच फिरत असेल तर नीट धुणं पुरेसं आहे.

कोटिंगआधी पॉलिश करतात, आणि प्रत्येक पॉलिशमध्ये क्लिअर कोट थोडा कमी होतो. म्हणून 'दर सहा महिन्यांनी रबिंग-पॉलिश'चं पॅकेज घेऊ नका.

११. इंधन आणि ऑइल

इंधनाच्या झाकणावर पेट्रोलचा किमान ऑक्टेन (दर्जाचा आकडा) लिहिलेला असतो, तो पाळा. ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आपल्या मॉडेलला चालतं का, ते मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीकडून लेखी विचारून घ्या. डिझेल गाडी फक्त ऑफिस ते घर अशी चालत असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबतो. अधूनमधून एक्स्प्रेस-वेवर अर्धा तास सलग चालवा. किलोमीटर झाले नसले तरी ऑइल वर्षातून एकदा बदला, आणि बिलावर ऑइलचं ग्रेडच नव्हे तर गाडीच्या कंपनीचा मंजुरी क्रमांकही बघा.

१२. कागदपत्रं आणि विमा

एका फाइलमध्ये आणि मोबाइलमध्येही हे असू द्या:

- आरसी, विमा पॉलिसी, पीयूसी
- वॉरंटीची कागदं आणि सर्व्हिसची सगळी बिलं
- दुसरी चावी कुठे आहे याची नोंद
- फिल्म किंवा कोटिंगचं बिल आणि वॉरंटी कार्ड
- ताबा घेतल्याच्या दिवशीचे गाडीचे चारही बाजूंचे फोटो

वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी संपण्याआधी घ्यावी लागते, ती तारीख कॅलेंडरवर टाका. विम्यात झिरो डेप्रिसिएशन (सुट्या भागांची घसारा-कपात न होणारं कव्हर), इंजिन प्रोटेक्ट आणि चावी हरवण्याचं कव्हर, हे तिन्ही विचारून घ्या. इंजिन प्रोटेक्ट सगळ्यांत महत्त्वाचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. पण गाडी बुडायला तितक्या पावसाची गरज नसते, बेसमेंटचा पंप बंद पडला तरी पुरतं. पाण्यात बुडालेली गाडी स्टार्ट करायला गेलात तर पाणी सिलेंडरमध्ये शिरून कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि हे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरलं जात नाही.

म्हणून पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत आलेलं दिसलं तर स्टार्टच्या बटणाला हात लावू नका. पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर तिला हातही न लावता आधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करा. टोइंगवाल्याला फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) पाठवायला सांगा. ऑटोमॅटिक आणि ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी दोन चाकं उचलून ओढली की गिअरबॉक्सचं नुकसान होऊ शकतं. बंपरमध्ये फिरवून बसवायचा टोइंगचा हुक डिकीतल्या टूलकिटमध्ये असतो, तो आधीच काढून हाताशी ठेवा.